पोहता येणं वेगळं, स्कुबा वेगळं
एकानं विचारलंय की पोहायला येत असेल तर स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली फिरणं, सोपं जातं का, तर माझं उलटंच झालं. आम्ही सांगलीचे, लहानपणापासनं कृष्णेत घाटावरनं उड्या मारलेल्या, त्यामुळं अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) जाम फुशारकीत गेलो आणि पाण्यात शिरल्या शिरल्या सवयीनं श्वासच रोखून धरला! तिथं नेमकं तेच करायचं नसतं, वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते म्हणून श्वास चालूच ठेवायचा. आणि कान! १० मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळं पहिल्या मीटरपासनंच नाक चिमटीत धरून हळू फुंकत राहा, दुखायची वाट बघू नका. सर्दी असेल तर सरळ रद्द. बाकी अॅनिमोनच्या (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाच्या) झुपक्यातनं एक केशरी क्लाऊनफिश मासा थेट माझ्या मास्कवर धावून आला, बोटभर जीव पण घर राखतोय बघा. हां, परतीचं विमान मात्र त्याच दिवशीचं काढू नका, स्कुबानंतर लगेच उंचावर जाणं धोक्याचं असतं, १८ तास तरी जाऊ द्या.