विनफॉर्म्स : फॉर्म चालू असताना कंट्रोलच्या प्रॉपर्टीज कशा बघायच्या?

टॅबऑर्डर :
नमस्कार मंडळी. सी शार्पमधलं, विनफॉर्म्सवर (विंडोज ॲपचे फॉर्म बनवायची डॉटनेटची लायब्ररी) लिहिलेलं एक जुनं बिलिंग ॲप माझ्या गळ्यात पडलंय. फॉर्मवर कंट्रोल्स (म्हणजे बटण, पॅनेल असे घटक) एकात एक आहेत : टॅबकंट्रोल, त्यात पॅनेल, त्यात ग्रुपबॉक्स आणि त्याच्या पोटात 'सेव्ह' बटण. डिझायनरमध्ये (फॉर्म मांडायच्या खिडकीत) बटणाचं एनेबल्ड, म्हणजे ते वापरता येतं की नाही हे सांगणारी प्रॉपर्टी, ट्रू आहे. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये बटणाचं नाव शोधलं, त्याला फॉल्स करणारी एकही ओळ नाही. तरी काही बिलं उघडली की बटण करडं! स्पाय प्लस प्लसमध्ये (चालू ॲपच्या खिडक्या तपासायचं टूल) खिडकीचा हँडल (विंडोजने दिलेला ओळख क्रमांक) आणि स्टाइल दिसते, डॉटनेटच्या प्रॉपर्टीज नाहीत. म्हणून रिफ्लेक्शनने (चालू ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीज कोडमधून शोधून वाचायची सोय) लूप लावून सगळ्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहायला घेतल्या, तर मधेच टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शन ही चूक आली. डिझायनरसारखं चालू फॉर्मवर बघता येतं का?

नल_पॉइंटर :
ब्रेकपॉइंटवर (डीबगर कोड जिथे थांबवतो ती ओळ) थांबा आणि इमिजिएट विंडोत (थांबलेल्या ॲपला प्रश्न टाइप करायची खिडकी) बटणाच्या पेरेंटचं, म्हणजे ते ज्यात बसलंय त्या कंट्रोलचं, एनेबल्ड विचारा. मग पेरेंटच्या पेरेंटचं. मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

जुना_खिडकीवाला :
वरचे बरोबर सांगतायत, पण दर वेळी थांबून विचारत बसणं म्हणजे वैताग. डिझायनरच्या बाजूला जी प्रॉपर्टीजची खिडकी दिसते, तिच्यातला प्रॉपर्टीग्रिड हा साधा कंट्रोलच आहे, तुमच्या ॲपमध्येही चालतो. एक रिकामा फॉर्म घ्या, त्यात प्रॉपर्टीग्रिड टाका (टूलबॉक्समध्ये नसेल तर 'चूज आयटम्स'मधून आणा), सिलेक्टेडऑब्जेक्टला हवा तो कंट्रोल द्या. फॉर्म शो-ने उघडा. शोडायलॉगने उघडलात तर मूळ फॉर्मला हातच लावता येणार नाही. डीफॉल्टपासून बदललेल्या किमती ठळक दिसतात, आणि तिथे किंमत बदलली की चालू फॉर्मवर लगेच बदलते.

कंट्रोल निवडायला आयमेसेजफिल्टर (ॲपकडे येणारे माउस-कीबोर्डचे मेसेज आधी बघणारा कोड) लिहा. कीबोर्डवरचं Ctrl बटण दाबून डावं क्लिक आलं की मेसेजमधला हँडल कंट्रोल.फ्रॉमहँडलला द्यायचा, येईल ते ग्रिडला. इथे एक गंमत आहे. विंडोजच्या लेखी असा प्रत्येक कंट्रोल ही खिडकीच, आणि बंद (एनेबल्ड फॉल्स असलेल्या) खिडकीला माउसचे मेसेज मिळत नाहीत, ते वरच्या पहिल्या चालू खिडकीकडे जातात. करड्या बटणावर क्लिक करून ग्रिडमध्ये पॅनेल आलं, तर समजा की पॅनेल चालू आहे आणि त्याच्या लगेच आतला ग्रुपबॉक्स बंद.

आता मुख्य मुद्दा. एनेबल्ड वाचलं की मिळतं ते तुम्ही ठेवलेलं मूल्य नव्हे, एकूण परिणाम. पूर्वजांपैकी एक जरी बंद असला तरी आतल्या सगळ्यांचं एनेबल्ड फॉल्सच येणार. व्हिजिबलचंही (कंट्रोल दिसतो की नाही) तसंच, न उघडलेल्या टॅबवरचा धडधाकट कंट्रोलही फॉल्स सांगतो. त्यामुळे खालून वर नको, फॉर्मपासून खाली या. पहिला फॉल्स जिथे भेटेल तो नक्की कोणीतरी मुद्दाम केलेला. त्याच्या आतले दोषी की निर्दोष, हे त्या किमतीवरून कळत नाही. फॉन्ट आणि बऱ्याच कंट्रोल्सचा बॅककलरही (मागचा रंग) स्वतःचा ठेवला नसेल तर पेरेंटचाच दिसतो.

तुमच्या लूपबद्दल : गेटरने (प्रॉपर्टीची किंमत देणारा कोड) आत फेकलेली चूक रिफ्लेक्शन गुंडाळून देतं, खरं कारण इनरएक्सेप्शनमध्ये असतं. इंडेक्सर असलेल्या (वाचताना क्रमांकासारखं काही द्यावं लागतं अशा) प्रॉपर्टीज वगळा. आणि कृपा करून हँडल वाचू नका! खिडकी अजून तयार झाली नसेल तर नुसतं वाचल्याने ती तयार होते, म्हणजे बघता बघता तुम्हीच फॉर्मची अवस्था बदलता. आधी इजहँडलक्रिएटेड विचारा. त्यापेक्षा टाइपडिस्क्रिप्टर.गेटप्रॉपर्टीजला ब्राउझेबलॲट्रिब्यूट.येस देऊन (म्हणजे प्रॉपर्टीजच्या खिडकीत दिसणाऱ्याच प्रॉपर्टीजची) यादी घ्या, हँडल त्यात येत नाही.

टॅबऑर्डर :
ग्रिड लावला. क्लिक पॅनेलकडेच गेलं, ग्रुपबॉक्सचं एनेबल्ड फॉल्स. ग्रिडमधून ट्रू केलं आणि बटण लगेच जिवंत झालं. पण ग्रुपबॉक्सचं नावही कोडमध्ये कुठे सापडत नाही. हे करतंय कोण?

जुना_खिडकीवाला :
ग्रुपबॉक्सच्या एनेबल्डचेंज्ड इव्हेंटला (एनेबल्ड बदललं की येणारी सूचना) हँडलर जोडा, त्यात ब्रेकपॉइंट, आणि कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) वाचा. नाव न घेता पॅनेलच्या कंट्रोल्सवर फोरईच (प्रत्येकावर एकेक करून फिरणारा लूप) फिरवणारं काहीतरी असेल.

टॅबऑर्डर :
अगदी तेच! बिल लॉक असेल तर पॅनेलमधली प्रत्येक वस्तू बंद करणारं फंक्शन बेस फॉर्ममध्ये (ज्यावरून बाकीचे फॉर्म बनलेत तो) आहे. लॉक काढल्यावर परत चालू करणारी बाजू फक्त टेक्स्टबॉक्सेसचा विचार करते. ती दुरुस्त करतो. ग्रिडचा फॉर्म ग्राहकाच्या बिल्डमध्ये ठेवू का?

नल_पॉइंटर :
अजिबात नको. त्यातून कोणीही लॉक केलेलं बिल उघडून बदलेल. फिल्टर जोडणारी ओळ डीबगच्या अटीत टाका, म्हणजे ती फक्त तुमच्या तपासणीच्या बिल्डमध्ये चालेल.