पगारातला हिस्सा देऊन कोर्स करावा की कर्ज काढावं?

हापूसवाला, देवगड
मंडळी, थोरली बीएस्सी झाली. पुण्यात डेटाचा नऊ महिन्यांचा कोर्स करायचं म्हणते. फी १,८०,००० रुपये. नाहीतर आता काहीच भरायचं नाही. नोकरी लागून पगार महिना ३०,००० च्या वर गेला की ३६ महिने पगाराचे १५ टक्के द्यायचे, जास्तीत जास्त ३,६०,०००. पगार त्याखाली असेल तर काही नाही.

मला हे ओळखीचं वाटलं. आमच्याकडे बाग खंडानं देतात, तशी अर्धेलीनंही देतात. खंडाचा आकडा ठरलेला, मोहर करपला तरी चुकत नाही. अर्धेलीत पीक बुडालं तर दोघांचंही बुडतं. यंदा तुडतुड्यानं मोहर काळा पडला, फवारण्या करून हात सोलले, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. पोरीच्या डोक्यावर तसा हप्ता ठेवायला मन धजत नाही. चुकतंय का माझं?

पतपेढीतला, रत्नागिरी
दादा, आकडे मांडून बघा. १,८०,००० चं कर्ज ११ टक्क्यांनी ३ वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण ५,९००, एकूण २,१२,००० च्या आसपास. कोर्स चालू असतानाचं व्याज वेगळं. पगार ३५,००० लागला तर करारात महिना ५,२५० जातील, म्हणजे करार बरा. ५०,००० लागला तर ७,५००, तीन वर्षांत २,७०,०००. साधारण ३९,००० च्या पुढे कर्जच परवडतं. फक्त तो कोर्स बँकेच्या शैक्षणिक कर्जात बसतो का, ते आधी विचारा. नाही बसला तर वैयक्तिक कर्ज काढावं लागेल आणि त्याचं व्याज चढं असतं.

मालवणची, सध्या पुण्यात
काका, मी असाच कागद केला होता. नाव अर्धेलीचं, आत खंड. सही एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतली होती, ते १४व्या पानावर होतं. नोकरी नव्हती तरी चौथ्या महिन्यापासून खात्यातून ४,८०० कापायला लागले. दोन हप्ते परत गेले आणि सिबिल, म्हणजे बँका कर्ज देताना बघतात तो पतीचा आकडा, पडला. पुढे भावाच्या होडीच्या इंजिनासाठी जामीन राहायला गेले तर बँकेनं माझं नाव घेतलं नाही. बाबा बाहेर बाकावर बसले होते, त्यांना सांगताना जीव नकोसा झाला.

किनारा, वेंगुर्ले
ऑस्ट्रेलियात १९८९ पासून फी सरकार भरतं आणि वसुली करातून होते. कमाई ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर त्या वर्षी शून्य. अमेरिकेत येल विद्यापीठानं १९७१ मध्ये उत्पन्नाच्या टक्क्यावर फी सुरू केली, पण अख्ख्या तुकडीचं कर्ज फिटेपर्यंत देत राहायचं. बुडवणाऱ्यांचा भार फेडणाऱ्यांवर आला. १९७८ मध्ये नवी भरती थांबली. बुडीत कोण सोसणार, तेवढं लेखी घ्या.

हापूसवाला, देवगड
बाय, तुझं वाचून लगेच पोरीकडून करार मागवला. २३ पानं, सगळं इंग्रजीत. ९व्या पानावर तिला ‘कर्जदार’ म्हटलंय. उद्या सकाळच्या एसटीनं कणकवलीला वकिलांकडे नेतो. पोरगी नोकरी सोडून बागेत आली तर उत्पन्न कशाला धरणार, तेही लिहून मागतो.