विद्यार्थी विकास केंद्र चालवणारे लोक नेते घडवतात की नुसत्या फायली?

कट्टेकरी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस लिहीन म्हणत होतो. आपल्याकडे प्रत्येक सरकारी विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असतं, वर एक संचालक, खाली कॉलेजात एक विद्यार्थी विकास अधिकारी, शिवाय रासेयोचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी वेगळेच. हल्ली काही ठिकाणी लीडरशिप सेंटर अशी चकचकीत पाटीपण लागते. कागदावर काम काय, तर पोरांचे नेतृत्वगुण विकसित करणे.

आता हे चालवतं कोण? मराठीचे, भूगोलाचे, कॉमर्सचे प्राध्यापक, ज्यांच्या हातात प्राचार्यांनी जूनमध्ये ऑर्डर ठेवली की यंदा हे तुम्ही बघा. मग वर्षभर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, दोन दिवसांची व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय (पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब), शाल-श्रीफळ, एक मोटिव्हेशनल स्पीकर, जेवण, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि अहवाल. यात पोरं काय ठरवतात तर खुर्च्या किती लावायच्या. पाहुणे कोण, पैसे कशावर, यातलं काहीही त्यांना विचारत नाहीत.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका परत आल्या, कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला, २०१९ ला निवडणुका होणार होणार म्हणून गाजल्या, मग विधानसभा आली म्हणून पुढे ढकलल्या, मग कोविड आला आणि नंतर सगळ्यांच्या सोयीने विषय मागे पडला. निवडून आलेली परिषद नाही आणि नेतृत्व विकासाचं केंद्र मात्र आहे. माझं मत असं की ही केंद्रं बंद करा, निवडणुका घ्या आणि तो सगळा पैसा निवडून आलेल्या पोरांच्या हातात द्या. फोडा मला.

खडू_डस्टर

फोडतोच. मी रासेयोचा कार्यक्रम अधिकारी होतो, तेव्हा जरा हिशोब ऐका.

एका युनिटला १०० स्वयंसेवक, त्यातले ५० जण दत्तक गावात सात दिवसांच्या शिबिराला न्यायचे. या शिबिरासाठी कित्येक वर्षं माणशी ४५० रुपये मिळायचे. ५० पोरांचे झाले साडेबावीस हजार. त्यात टेम्पो, किराणा, गॅस, मंडप, लाइट, व्याख्यात्याचं मानधन सगळं बसवायचं. दिवसाला माणशी ६४ रुपये पडायचे, त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि चहा करून दाखवा. आणि ते पैसेसुद्धा आधी येत नाहीत, उचल माझ्या नावावर निघणार, नाहीतर पदरचे घालायचे आणि मग बिलं लावून ऑडिट करून उपयोगिता प्रमाणपत्र देऊन वाट बघत बसायचं. किराणावाल्याने पक्की पावती दिली नाही तर तेवढे गेले.

तुम्ही कार्यशाळेचं म्हणताय ते खरं आहे, शाल-श्रीफळाचा मलाही वैताग आहे. पण नेतृत्व तिथे घडतच नाही हो, ते घडतं शिबिरात चौथ्या दिवशी. तोवर गटागटात भांडणं झालेली असतात, भांडी कोण घासणार यावरून दोन गट बोलत नसतात, सरपंचांनी कबूल केलेली पाण्याची टाकी आलेली नसते. तेव्हा गटप्रमुख पोरगा किंवा पोरगी उठून सरपंचांच्या घरी जाऊन बसते आणि टाकी आल्याशिवाय उठत नाही, हे मी पाहिलंय. आमचं काम काय, तर त्या वेळी आपण मध्ये न पडणं. हे वाटतं तितकं सोपं नसतं, कारण काही कमीजास्त झालं की रात्री अकराला पालकांचा फोन मला येणार असतो.

जुना_युआर

धागाकर्त्यांचं वय काय असावं? आम्ही त्या खुल्या निवडणुका बघितल्यात म्हणून विचारतो. आठवडाभर कॉलेजात तास नाहीत, गेटवर जीपा उभ्या, मतदानाच्या आदल्या दिवशी सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी उचलून कुठल्यातरी फार्महाऊसवर नेऊन ठेवायचे आणि डायरेक्ट मतदानाला आणायचे. १९८९ ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि त्यानंतर वारं फिरलं. १९९४ च्या कायद्याने गुणवत्तेवर सीआर आणले ते उगाच नाही आणले.

आता ते गुणवत्तेवरचं प्रकरणही काही धड नव्हतं म्हणा, वर्गात पहिला आलेला पोरगा सीआर, त्याला त्यात काडीचा रस नाही, सही करायलासुद्धा शोधून आणावं लागायचं. पण निदान डोकी फुटत नव्हती. सेंटर बंद करा म्हणता, मग निवडणुकीत राडा झाल्यावर मिटवायला कोण येणार? तोच भूगोलाचा प्राध्यापक.

कट्टेकरी

@जुना_युआर काका, तुमच्या काळात विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणारी लिंगडोह समिती नव्हती. २००६ ला तिच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने लागू केल्या, उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५००० रुपये, छापील पोस्टर नाही फक्त हाताने केलेलं, हजेरी ७५ टक्के, पदवीच्या पोराला वय १७ ते २२, म्हणजे दहा वर्षं बीए करत बसलेले दादा बाद. दिल्लीत होतात निवडणुका, हैदराबादला होतात, पोरं शिकतात, भांडतात, हरतात, परत उभी राहतात. पस्तीस वर्षांपूर्वीच्या राड्याची शिक्षा आजच्या पोरांना कशाला?

@खडू_डस्टर सर, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण तुम्ही जे सांगितलं तो माझाच मुद्दा झाला की. जिथे अधिकारी मध्ये पडत नाही तिथे पोरं शिकतात. मग मध्ये न पडणाऱ्याचं एवढं मोठं खातं कशाला?

जुना_युआर

दिल्लीचं उदाहरण देऊ नका हो. ५००० मध्ये तिथे एका दिवसाचं पेट्रोल येत नाही. २०२४ ला हायकोर्टाने दिल्ली विद्यापीठाची मतमोजणीच रोखून धरली होती, आधी पोस्टरं काढा, भिंती साफ करा, मग मोजा म्हणून. सप्टेंबरात मतदान आणि नोव्हेंबरात निकाल. हाताने केलेलं पोस्टर म्हणे.

सीएचबी_वाला

सगळे 'प्राध्यापक प्राध्यापक' करताय, जरा खाली बघा. ऑर्डर निघते कायम प्राध्यापकाच्या नावाने, पदोन्नतीच्या फायलीला कागद लागतो त्यांच्या. आणि पोरांची यादी करणं, बँक खाती जुळवणं, कमवा व शिका योजनेतल्या पोरांची रोजची हजेरी, बस ठरवणं, अहवालासाठी फोटोला कॅप्शन टाकणं हे कोण करतं, तर आमच्यासारखा सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचा माणूस, ज्याला वर्गातल्या तासाचेच पैसे वेळेवर मिळत नाहीत. नाही कसं म्हणणार, पुढच्या वर्षी मुलाखतीला तेच साहेब समोर बसणार असतात.

दुसरे म्हणजे लिपिक. विद्यापीठातल्या त्या विभागाचा क्लार्क सुट्टीवर गेला तर जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांचे प्रस्ताव थांबतात, संचालक बदलले तरी कोणाला पत्ता लागत नाही. संचालक येतात जातात, बरेचदा अतिरिक्त कार्यभारवालेच असतात, कोणत्या योजनेला कुठला फॉर्म ते एकट्या त्या क्लार्कलाच माहीत. त्यामुळे नेते कोण घडवतो या चर्चेत मला रस नाही. आधी जो काम करतो त्याच्या नावाने ऑर्डर काढा. बंद करा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की बंद झाल्यावर साहेबांना काही फरक पडणार नाही, घरी आम्ही बसू.

कोलंबसकर

मी ओहायोत एका सरकारी विद्यापीठात याच प्रकारच्या ऑफिसात काम करते म्हणून बोलते. इकडे हा पूर्णवेळ पेशा आहे, स्टुडंट अफेअर्स या विषयात मास्टर्स करून लोक येतात. पोरांच्या फीमधून जो ॲक्टिव्हिटी फंड जमतो त्यातला मोठा वाटा कुठल्या क्लबला किती द्यायचा हे विद्यार्थ्यांची समिती ठरवते, आम्ही नियम सांगायला बसतो. ओहायोत तर सरकारी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर विद्यार्थी ट्रस्टी असतात, राज्याचा गव्हर्नर नेमतो त्यांना. बोर्डात बसून एकोणीस-वीस वर्षांचं पोर फीवाढीवर प्रश्न विचारतं तेव्हा मला आपल्याकडची ती खुर्च्या लावणारी पोरं आठवतात.

पण लगेच इकडचं कौतुक नको. पगार बेताचा, काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, त्यामुळे माणसं टिकत नाहीत. आणि प्रत्येक गोष्टीला फॉर्म. वीस पोरांनी मैदानात पिझ्झा खायचा म्हटलं तरी जागेचं बुकिंग, खाण्याची परवानगी, जोखमीचा फॉर्म. पूर्णवेळ माणसं ठेवली की ती पूर्णवेळ नियम तयार करतात, हा अनुभव आहे. सात दिवस पन्नास पोरं गावात शाळेच्या खोलीत झोपवून श्रमदान करायचं, हे मी इथल्या बॉसला सांगितलं तर तो आधी वकिलाला फोन करेल. त्या बाबतीत खडू_डस्टर सरांचं शिबिर आमच्या सेमिस्टरभराच्या लीडरशिप कोर्सपेक्षा मला जास्त दमदार वाटतं, खरंच.

कट्टेकरी

@कोलंबसकर ताई, म्हणजे तिकडे पैसा पोरं वाटतात. बघा, हेच तर म्हणतोय मी!

कोलंबसकर

अर्धंच वाचलंत तुम्ही. पैसा पोरं वाटतात, पण मागच्या वर्षी काय ठरलं, कुठल्या क्लबने हिशोब दिला नव्हता, हे सांगणारं ऑफिस बंद केलं तर दर ऑगस्टला नवी पोरं पहिल्यापासून भांडतील.

टीवायची_पोरगी

एवढे सगळे मोठे लोक बोलतायत, प्रत्यक्ष विद्यार्थी कोणीच नाही 😅 मी सध्या टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जिल्ह्याचं नाव नको, मराठवाडा एवढं पुरे.

पहिली गोष्ट, आमच्याकडे रासेयोच्या मॅडम नसत्या तर मी शिबिराला गेलेच नसते. बाबांनी सरळ नाही सांगितलेलं, सात दिवस बाहेर राहायचं म्हणजे काय. मॅडम घरी आल्या, आईशी बोलल्या, मुली कुठे झोपणार, बाथरूम कुठे, रात्री सोबत कोण, सगळं सांगितलं, तेव्हा हो झालं. आमच्या बॅचच्या निम्म्या मुली अशाच आल्यात. तुम्ही म्हणता केंद्र बंद करून निवडणूक घ्या, ठीक आहे, त्या निवडणुकीत उभं राहायला माझ्या घरी कोण येणार समजवायला? उमेदवार थोडाच येणार. कायद्यात महिला प्रतिनिधीची एक जागा आहे हे मला माहितीये, पण त्या जागेवर उभं राहणारी मुलगी आधी घराबाहेर तर निघाली पाहिजे ना.

दुसरी गोष्ट मात्र कट्टेकरी दादांच्या बाजूची. नवीन शैक्षणिक धोरणात रासेयो, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक हे सगळं को-करिक्युलरमध्ये आलं, २ क्रेडिट मिळतात. त्यामुळे ज्युनिअर बॅचमध्ये निम्मी पोरं क्रेडिटसाठी आलीत, श्रमदानाला फोटोपुरती. आणि विद्यार्थी परिषद म्हणून जे काही आहे त्यात कोण आहे ते आम्हाला नोटीस बोर्डवर कळतं. मला निवडणूक हवी आहे. पण मॅडमपण हव्यात. यातलं एकच का निवडायचं?

मला विचाराल तर निदान गॅदरिंगचं बजेट तरी आमच्या हातात द्या. डीजे की नाटक, पाहुण्यांचा सत्कार की आमच्या बक्षिसांची रक्कम, आम्ही ठरवतो. चुकलं तर शिव्या आम्हीच खाऊ.

जुना_युआर

मुलगी बरोबर बोलली. गॅदरिंगपासून सुरुवात करा, त्यात जीपा येत नाहीत.

सीएचबी_वाला

येतात काका, डीजेबरोबर येतात.

कट्टेकरी

@टीवायची_पोरगी, घरी येऊन समजावणाऱ्या मॅडम बंद करा असं मी म्हणत नाही, शिबिरवाले राहूदेत. माझा राग आहे तो वर्षाला दोन कार्यशाळा आणि चाळीस पानी अहवाल करणाऱ्या खात्यावर. पण परिषदेशिवाय तुमच्या मॅडम किती पुरणार? त्यांची बदली झाली, निवृत्त झाल्या, की संपलं. चांगला माणूस मिळाला तर केंद्र चांगलं आणि नाहीतर नाही, ही काय व्यवस्था झाली? परिषदेचा निवडून आलेला अध्यक्ष विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) बसला असता तर शिबिराचे पैसे उशिरा का येतात हा प्रश्न तिथे उभं राहून विचारला असता. आज खडू_डस्टर सर तो प्रश्न कोणाला विचारतात? क्लार्कला, तेही हात जोडून.

खडू_डस्टर

ते हात जोडून बरोबर आहे.

पण कट्टेकरी, पैसा पोरांच्या हातात म्हणजे नक्की कसा, ते एकदा सांगाच. उचल कोणाच्या नावावर काढायची? परिषदेचा सचिव टीवायला असतो, एप्रिलमध्ये परीक्षा देऊन तो पुण्याला नोकरीला गेला आणि जूनमध्ये ऑडिटरने बिल नाकारलं, तर वसुली कोणाकडून?

कट्टेकरी

दोघांची सही ठेवायची, सचिव आणि अधिकारी. सहकारी सोसायटीत करतात तसं.

खडू_डस्टर

सही दोघांची असली तरी पगार एकाचाच आहे. कापून घ्यायचं झालं तर माझ्यातूनच कापणार. तरी ठीक, मी सही करायला तयार आहे, पण मग परिषदेच्या मीटिंगला मी बसणार आणि खर्च चुकीचा वाटला तर तिथेच बोलणार. चालेल?

टीवायची_पोरगी

बसा सर. पण मीटिंगचं इतिवृत्त आम्ही लिहिणार, आणि ते बोर्डवर लागणार.