मदत हवी आहे: मामांचा जुना ग्राइंडर ठिणग्या टाकतोय, हाताला झिणझिण्याही येतात. कार्बन (मोटारीतले वीज पोचवणारे ब्रश) बदलून भागेल का?

फुलेवाडीकर
नमस्कार मंडळी. पाऊस सुरू व्हायच्या आत गच्चीवर पत्र्याचं शेड घालायचं आहे. वेल्डर ठरलाय, पण त्याची तारीख रोज पुढे सरकतीय. म्हणून ४० बाय ४० मिलिमीटरचे चौकोनी पाइप मापात कापून ठेवायचं काम मी अंगावर घेतलंय.

मशीन मामांचं आहे. ४ इंची ग्राइंडर, ८५० वॅट, पाटीवर ११,००० आरपीएम. मामांचं कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं, आता बंद केलंय. २०१९ च्या पुरात हे मशीन खालच्या कप्प्यात होतं, पाण्यात राहिलं. मामांनी उन्हात वाळवलं आणि नंतरही वापरलं, त्यामुळे "काय होत नाही त्याला" असं त्यांचं म्हणणं.

आता अडचणी. मागच्या जाळीतून आत निळ्या-पिवळ्या ठिणग्या दिसतात, जळका वास येतो. पुढच्या धातूच्या भागाला बोट लागलं की बारीक झिणझिण्या येतात, शॉक म्हणावा इतकं नाही. आणि मशीन हातात थरथरतं, अर्ध्या तासात पंजा बधिर होतो. गार्ड (व्हीलवरचं संरक्षक झाकण) मामांच्या काळापासूनच नाही, कारण ते ५ इंची व्हील (कापायची चकती) लावायचे. ४ इंचीनं ४० चा पाइप एका दमात कापत नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारानं आर्मेचरच (मोटारीचा फिरणारा भाग) बदलायला सांगितलं. दुसरा म्हणाला, नुसते कार्बन घाला. कुणाचं ऐकू?

गंगावेशीचा_गडी
कार्बन बदल भावा, विषय संपला. शंभराच्या आत-बाहेर जोडी मिळते. झिणझिण्या येतात कारण गच्ची ओली असणार. रबरी चप्पल घाल आणि हाण.

उद्यमनगर_जुना_हात
गडी, थांब जरा. फुलेवाडीकर, तुम्ही ठिणग्यांबद्दल विचारलंय, पण तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात बिनधोक गोष्ट तीच आहे. गार्ड नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला त्याचीच भीती वाटते. आधी ठिणग्यांचं सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल.

कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणगी असणारच, नव्या मशीनलाही असते. ठिणगी कम्युटेटरला (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं गोल कडं) गोल वेढा घालून फिरत असेल तर मात्र गडबड आहे. प्लग काढून बाजूच्या दोन टोप्या उघडा आणि कार्बन बाहेर काढा. ५-६ मिलिमीटर उरले असतील तर संपले. एक जास्त झिजला, एक कमी, असं असलं तरी जोडीच बदलायची. साइज तंतोतंत तीच हवी. मोठा कार्बन कानशीनं घासून बसवणारे आहेत आपल्याकडे, पण तो आपल्या खोबणीत अडकतो, स्प्रिंग दाबत नाही आणि उलट जास्त ठिणग्या पडतात. नवे घातल्यावर काही मिनिटं मशीन रिकामं चालवा, म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं.

टोपीच्या भोकातून बॅटरी मारून कम्युटेटर बघा. तपकिरी, एकसारखा दिसला तर उत्तम. एखाददुसरी पट्टी काळी पडून जळाली असेल तर आर्मेचरचा वेटोळा गेलाय आणि दुकानदार खरं बोलला. पण ८५० वॅटच्या मशीनला नवं आर्मेचर घालण्याइतका जीव त्यात उरलाय का, हे पुरानंतर मला वाटत नाही. गाळ बेअरिंगमध्ये जातो, ग्रीसमध्ये जातो आणि वाळवून तो निघत नाही.

झिणझिण्यांचं अण्णा सांगतील, तो माझा प्रांत नाही. तोवर मशीन लावू नका.

वायरमन_अण्णा
आलो. गडी, चपलेवर जीव टांगू नकोस बाबा.

फुलेवाडीकर, पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, बघा. त्याचा अर्थ डबल इन्सुलेशन. म्हणून त्याला दोनच पिना असतात, अर्थिंग नसतं. अशा मशीनचं धातूचं डोकं हाताला जाणवलंच नाही पाहिजे. जाणवतंय म्हणजे आतून कुठूनतरी गळती आहे. कार्बनची भुकटी साचून तिचाच रस्ता तयार झालेला असतो, किंवा केबल मुठीत शिरते तिथं वरचं आवरण तुटलेलं असतं, किंवा पुराचा गाळ वायंडिंगला चिकटलेला असतो आणि दमट हवेत तो ओल धरतो. तुमच्याकडे तिन्ही असू शकतात.

काही वेळा नुसत्या प्रेरित विजेनंही बोटाला बारीक वळवळ लागते आणि टेस्टरचा दिवा पेटतो, म्हणून टेस्टरवर निकाल देऊ नका. वायंडिंगवाल्याकडे नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासा. एक टोक प्लगच्या दोन्ही पिनांना जोडून, दुसरं गिअरच्या धातूला, स्विच चालू ठेवून. बरेच जण स्विच बंद ठेवूनच मेगर लावतात, मग आतलं काही मोजलंच जात नाही.

आणि घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं) आहे का? एमसीबी वेगळं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतं, माणूस मरायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त करंट गेला तरी ते जागचं हलत नाही. आरसीसीबी असेल तर त्याचं टी लिहिलेलं बटण दाबून बघा, खटकन पडलं पाहिजे. एक लक्षात घ्या, दोन पिनांच्या मशीनला अर्थिंग नसल्यानं गळती आधी कळत नाही. तुमच्या अंगातून जमिनीकडे करंट जाईल तेव्हाच ते पडणार. वाचवेल, पण झटका देऊन वाचवेल.

शिरोली_तिसरी_पाळी
फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) आहे, रोजचा संबंध याच मशीनशी. जुन्या हातांना एक शंका. ५ इंची व्हीलवर १२,२०० आरपीएम छापलेलं असतं आणि हे मशीन ११,००० चं. मग हिशोबात बसतंय की. आमच्याकडं काही पोरं असंच लावतात.

उद्यमनगर_जुना_हात
हिशोब बरोबर आहे तुमचा, म्हणूनच ही सवय मोडत नाही. ११,००० ला ४ इंची व्हीलची कड सेकंदाला साधारण ५८ मीटर पळते, ५ इंचीची ७२. व्हील ८० ला मंजूर असतं. नुसत्या वेगानं ते फुटणार नाही. (७ इंची लावलं तर १०० च्या वर जातं. तेही लावणारा महाभाग मी बघितलाय.)

पण भोक बघा. ४ इंची व्हीलचं भोक १६ मिलिमीटर, ५ इंचीचं २२.२३. मशीनचा फ्लॅन्ज (व्हील ज्यावर बसतं ते बूड) १६ ला बसणारा. मग काय करतात, वायसर घालून, डोळ्यानं मध्यावर धरून नट आवळतात. सगळीकडून मिळून ६ मिलिमीटरचं ढिलं, म्हणजे व्हील ३ मिलिमीटरपर्यंत एका अंगाला जाऊ शकतं. ते व्हील मिनिटाला ११,००० वेळा हिसके देणार. फुलेवाडीकरांचा पंजा बधिर होतोय तो त्यामुळेच असणार, शिवाय बेअरिंग खाल्लं असेल ते वेगळं. असं हिसकणारं व्हील पाइपात जरा तिरकं अडकलं की तुटतं, आणि तुकडा ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगानं व्हीलच्याच रेषेत सुटतो. त्या रेषेत तुमचा गळा आणि तोंड. मध्ये असायला पाहिजे ते गार्ड, तेच काढलंय कारण व्हील मोठं आहे. एका चुकीसाठी दुसरी चूक केलेली आहे ही.

शिरोली_तिसरी_पाळी
पटलं. मी एवढंच जोडतो की व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ती त्याची मुदत. बनवल्यापासून ३ वर्षं. राळेनं बांधलेलं असतं ते, ओल लागली की कमजोर होतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला टेकवून ठेवलेलं व्हील वरून नवं दिसतं, आतून गेलेलं असतं. डब्यात, आडवं, सपाट ठेवा.

गंगावेशीचा_गडी
आमचे आजोबा व्हील बोटात अडकवून टिचकी मारायचे. टण्ण वाजलं तर चांगलं. ती युक्ती चालेल का?

उद्यमनगर_जुना_हात
ती टेबलावरच्या बेंच ग्राइंडरच्या दगडासाठी. भट्टीत भाजलेला दगड असतो तो, तडा नसेल तर घणघणतो. आजोबा बरोबर होते. १ मिलिमीटरचं कटिंग व्हील वाजतच नाही, चांगलं असो वा वाईट. ते डोळ्यानं बघायचं, कड मोडलीय का, वाकलंय का, आणि नवं लावल्यावर अर्धा-एक मिनिट तोंडापासून लांब धरून रिकामं फिरवायचं.

सुतारकाम_शिकतेय
मध्येच विचारते, माफ करा. मी घरी पाट, चौरंग असलं लाकूडकाम शिकतेय. याच ४ इंची ग्राइंडरला लावायचं दातांचं लाकूड कापायचं ब्लेड दुकानात सर्रास मिळतं. ते लावावं का?

शिरोली_तिसरी_पाळी
ताई, नका लावू. एवढं ठाम मी दुसरं काही सांगणार नाही. कटिंग व्हील घासून कापतं, दातांचं ब्लेड चावतं. गाठ लागली किंवा फळी मिटली की दात रुततो आणि मशीन हातातून उसळून अंगावर येतं. ग्राइंडरला खाली टेकायला पाट नाही, ब्लेड झाकणारं गार्ड नाही, आणि बऱ्याच मशीनचं स्विच सोडलं तरी चालूच राहतं. सर्क्युलर सॉ घ्या. नाहीतर टिंबर मार्केटच्या वखारीत फळ्या मापात चिरून आणा आणि घरी फक्त जोडकाम करा, सुरुवातीला तेच बरं.

सुतारकाम_शिकतेय
ब्लेड घेतलेलं नव्हतं, बरं झालं. वखारीतच जाते. हातमोजे घालू का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

शिरोली_तिसरी_पाळी
ड्रिल मशीनवर मोजे अजिबात नाहीत. कापड बिटात गुंडाळलं की बोटं त्याच्यामागे जातात. ग्राइंडरला हाताला घट्ट बसणारे कातडी मोजे चालतात, ढगळ सुती नाहीत. ओढणी कमरेला खोचलेली असली तरी सुटते, तेव्हा ती काढूनच ठेवा. आणि चष्मा म्हणजे बाजूनं बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा त्यात धरत नाही.

फुलेवाडीकर
सगळ्यांचे आभार. आज वायंडिंगवाल्याकडे जाऊन आलो. मेगरवर काटा जवळजवळ शून्याला, म्हणजे इन्सुलेशन गेलेलंच. उघडल्यावर गिअरच्या ग्रीसमध्ये चक्क पिवळा गाळ निघाला, इतक्या वर्षांनी. केबल मुठीपाशी आतून तुटत आलेली. कार्बनही संपलेले होतेच. आर्मेचर, फील्ड, बेअरिंग, केबल धरून नव्या मशीनच्या जवळपास खर्च सांगितला. तर नवीन घेतो, पण ४ इंची की ५ इंची? आणि पाइप एका दमात कापत नाही त्याचं काय?

उद्यमनगर_जुना_हात
४ इंचीच घ्या, गार्ड आणि बाजूचा दांडा लावूनच वापरा. एका दमात कापायचंच नाही. गुण्यानं (काटकोनानं) चारी बाजूंनी रेघ मारा, एक बाजू कापा, पाइप फिरवा, पुढची कापा. कामाचा भाग घोडीवर (कामाच्या स्टँडवर) कापाच्या जवळ आवळा आणि पडणारं टोक मोकळं सोडा. दोन्ही टोकं टेकवली की पाइप मध्ये वाकतो, काप मिटतो आणि व्हील धरलं जातं. व्हीलच्या रेषेत उभं राहू नका, जरा एका अंगाला. कापायच्या पातळ व्हीलनं बूर (कापाची खरखरीत कड) घासू नका, त्याला फ्लॅप डिस्क लावा.

खरं सांगू? शेडचे सगळे पाइप असतील तर जिथून २० फुटी लांब्या घेताय तिथंच मापाची चिठ्ठी द्या, ते चॉप सॉवर (मोठ्या व्हीलचं, खाली दाबून कापायचं मशीन) कापून देतात. नाहीतर १४ इंची चॉप सॉ दोन दिवस भाड्यानं आणा. ग्राइंडर किरकोळ कामाला ठेवा.

वायरमन_अण्णा
चॉप सॉ आणणार असाल तर गच्चीवर वायर कुठली नेताय ते बघा. तो २,२०० वॅटच्या आसपास, म्हणजे साडेनऊ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला चालणार नाही, १६ चा लागेल. ३० मीटरची १ स्क्वेअर मिमीची वायर लावली तर वायरीतच दहा व्होल्ट जातात, २.५ ची घेतली तर चार. सुरू होताना करंट कितीतरी पट असतो, तेव्हा बारीक वायरीवर मोटार रडत उठते. रीळवरची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली ठेवली तर आतल्या आत तापून वितळते. आणि जोड द्यायचा तर टेपवर नको. पावसाची एक सर आली तरी टेप कामाचा नाही.

फुलेवाडीकर
चिठ्ठी देऊन कापूनच आणतो, वेल्डर येईपर्यंत. किरकोळ कामाला नवा ४ इंची घेतला, गार्डासकट. मामांना सांगितलं, ते म्हणाले जुनं टाकू नको, कुणाला तरी उपयोगी पडेल. द्यावं का कुणाला?

वायरमन_अण्णा
केबल मुठीपाशी कापा आणि मगच भंगारात द्या. केबल राहिली तर कुणीतरी प्लग लावून बघणारच. मामांना दाखवायचं असेल तर तो गाळ दाखवा.