प्रश्न तारखेचा आहे, आवडीचा नाही

'तालुक्याच्या गावात व्याख्यानाला कुत्रंही फिरकत नाही, सरळ ऑर्केस्ट्रा ठेवा' असं कोणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था १९१६ साली निघाली ती जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला, म्हणजे तालुक्याच्या गावीच, आणि २०२४चं साहित्य संमेलनही तिथेच भरलं. गाडी अडते ती तारखेवर. दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी जोरात, आणि रब्बीत शेतीची लाईट रात्रपाळीची आली की बाप्ये मोटार चालू करायला मळ्यात. संध्याकाळी सातची वेळ ठरवणाऱ्यांना याचा पत्ताच नसतो.

आमच्याकडे वही गायन या खानदेशातल्या डफावरच्या लोकगायनावरचा माहितीपट दाखवला तो मारुतीच्या पारावर, पांढरी चादर बांधून, जेवणं उरकल्यावर, लाईट दिवसपाळीची असलेल्या आठवड्यात. प्रास्ताविक लांबलं तेव्हा चुळबुळ झाली (होणारच!), पण पडद्यावर डफ वाजला नि मागे बसलेले एक बाबा 'आते आमनं बी आयका' म्हणत उठले आणि स्वतःच वही म्हणू लागले. पुढची चर्चा मग अहिराणीतच रंगली; ओट्यावरच्या बायकाही तेव्हाच बोलत्या झाल्या. त्यामुळे सूत्रसंचालक अहिराणी बोलणारा घ्या, आणि हारतुरे पाच मिनिटांत आटपा. ऑर्केस्ट्राचे पैसेही वाचतील.