मदत हवी आहे : चपलांच्या जाहिरातीत छायाचित्र आणि मजकूर यांची मांडणी कशी जुळवावी?

नमस्कार. कोल्हापुरात पापाची तिकटी परिसरात एका परिचित काकांचे चपलांचे दुकान असून त्यांच्या दिवाळीच्या जाहिरातीचे काम माझ्याकडे आहे. एकच छायाचित्र वीस बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर, इन्स्टाग्रामच्या चौरस पोस्टमध्ये आणि दैनिकातील उभ्या जाहिरातीत वापरावे, अशी त्यांची अपेक्षा आहे.

प्रकाश आणि रंग यांबाबत मी समाधानी आहे. लाकडी फळीवर ठेवलेली बदामी रंगाची चप्पल फळीतच मिसळून जात होती. तीच शहाबादी फरशीवर ठेवल्यावर करड्या-निळसर पृष्ठभागामुळे कातड्याचा उबदार रंग उठून दिसू लागला. दारातून येणारा तिरपा उजेड एका बाजूने घेतल्यामुळे कातड्याच्या वेणीचा प्रत्येक पेड आणि कानांवरची, म्हणजे चपलेच्या बाजूच्या पाळ्यांवरची, शिवण स्पष्ट येते. मोबाइल अगदी जवळ नेला तर अंगठ्याकडचा भाग फुगून टाच लहान दिसते, म्हणून थोडे मागे सरकून दुप्पट झूमवर छायाचित्रे घेतली आहेत.

खरी अडचण मांडणीची आहे. मूळ चौकट ३:२ प्रमाणाची असून तृतीयांश नियमानुसार (चौकटीचे आडवे-उभे तीन समान भाग करून मुख्य वस्तू त्यांच्या रेषांवर ठेवणे) चप्पल डावीकडच्या उभ्या रेषेवर ठेवली आहे. फ्लेक्ससाठी २:१ प्रमाण करताना उंचीचा चौथा हिस्सा जातो आणि गोंड्याच्या वरची मोकळी जागा संपते. चौरस करताना रुंदीचा तिसरा हिस्सा जातो. दोन्ही बाजूंनी सारखे कापले तर एक तृतीयांशावर असलेली चप्पल एक चतुर्थांशावर, म्हणजे जवळजवळ कडेला जाऊन बसते. उभ्या जाहिरातीत तर चौकटीचा तोलच राहत नाही. माझ्या मते उभ्या जाहिरातीसाठी स्वतंत्र छायाचित्र घेणे हाच योग्य मार्ग आहे, परंतु उरलेल्या दोन्हींसाठी सुरुवातीलाच चौफेर जास्त जागा सोडून घेतलेले एकच छायाचित्र पुरेल का?

दुसरा प्रश्न अक्षरांचा आहे. जाड देवनागरी अक्षरांची शिरोरेषा ही चित्रातील एक ठळक आडवी रेषाच ठरते आणि तिरकी ठेवलेली चप्पल नजरेला ज्या दिशेने नेते, त्या दिशेच्या आड ही रेषा येते. शिवाय मजकुरामागे वेणीचे बारीक विणकाम आले की अनुस्वार आणि वेलांट्या दिसेनाशा होतात, तर ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. चपलांची टोके उजवीकडे असल्यामुळे मजकूरही उजवीकडेच ठेवला आहे, म्हणजे नजर आपोआप तिकडे वळेल. चप्पल आणि मजकूर यांच्यामध्ये किती मोकळी जागा ठेवावी, याचा अंदाज जाणकार कसा बांधतात?

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेचीच, पण निराळ्या अर्थाने. दुकानाचे नाव, २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख, सवलत, पत्ता आणि दोन मोबाइल क्रमांक हे सारे मोठ्या अक्षरांत हवे, असा काकांचा आग्रह आहे. "पैसे मोजून घेतलेली जागा रिकामी का ठेवायची?" असे ते विचारतात आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न रास्तही आहे. मात्र वाहनावरून जाणाऱ्याला फ्लेक्स काही क्षणच दिसतो आणि सगळेच मोठे असेल तर त्याने आधी काय वाचावे, हे ठरत नाही. बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टर्स ज्या शहरात स्वतः रंगवली, तिथे आज चौकाचौकात मजकुराने गच्च भरलेले फ्लेक्स पाहून मला मनापासून वाईट वाटते.

फ्लेक्सवर चप्पल, दुकानाचे नाव आणि सवलत एवढेच ठेवून उरलेला मजकूर दैनिकातील जाहिरातीत न्यावा, असे मला वाटते. एक मोकळा आणि एक मजकुराने भरलेला असे एकाच मापाचे दोन नमुने छापून ते रस्त्याच्या पलीकडून काकांना दाखवावेत का? जाहिरातीच्या व्यवसायात असलेल्या सदस्यांनी ग्राहकाला मोकळ्या जागेचे महत्त्व प्रत्यक्षात कसे पटवून दिले, हे कृपया सविस्तर लिहावे. फ्लेक्स छपाईला जाण्यापूर्वी उत्तरे मिळाली तर त्यानुसार छायाचित्रे पुन्हा घेण्याची माझी तयारी आहे.