फाउंडेशनची ग्रँट बघायची की तिजोरी?

आडवळण

मंडळी, कामाच्या निमित्ताने हल्ली मोठमोठ्या फाउंडेशन्सचे वार्षिक अहवाल वाचावे लागतात, खास करून 'हवामान कृती आणि न्याय्य अर्थव्यवस्था' असं दोन्ही एका दमात म्हणणाऱ्यांचे. बहुतेक पानं ग्रँट्सची. कोळसा खाणी बंद झाल्यावर कामगारांचं पुढे काय, जंगल राखणाऱ्यांच्या नावावर जमीन कशी होईल, कपड्यांच्या कारखान्यात मजुरी कशी वाढेल... सगळं चांगलंच आहे, टवाळी करत नाहीये. पण शेवटच्या हिशेबाच्या पानांवर मुद्दल कुठे गुंतवलंय ते शोधायला जावं तर 'जागतिक इक्विटी', 'पर्यायी गुंतवणूक' असले दोनचार शब्द आणि समोर भलेमोठे आकडे. कंपन्यांची नावं नाहीत.

आता गणित बघा. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनवर दरवर्षी काहीतरी वाटायची सक्ती १९६९ च्या टॅक्स कायद्याने आली, आज ती गुंतवलेल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के आहे आणि बरेच जण त्याच्या आसपासच घुटमळतात. म्हणजे ९५ टक्के पैसा बाजारातच, आणि तोच जर तेलात, कोळशात, युनियनचं नाव काढलं की कामावरून काढणाऱ्या कंपन्यांत असेल, तर ५ टक्क्यांनी शिवायचं आणि ९५ टक्क्यांनी उसवायचं असा उद्योग झाला.

रॉकफेलर ब्रदर्स फंडने जीवाश्म इंधनातून बाहेर पडतोय असं २०१४ मध्ये जाहीर केलं. हा पैसा मुळात स्टँडर्ड ऑइलचा, म्हणजे तेलाच्याच घराण्याने तेल सोडलं. पण मोठ्या रॉकफेलर फाउंडेशनला तेच म्हणायला डिसेंबर २०२० उजाडला, फोर्ड फाउंडेशनला २०२१. हवामानाचा पॅरिस करार २०१५ चा हो! तेव्हा फाउंडेशन हवामानासाठी काय करतं हे आधी तिजोरीवरून ठरवा, ग्रँट नंतर बघू. असं माझं मत, बोला आता.

खोडरबर

परत तेच. तुम्ही शेअर विकले म्हणजे कोणीतरी ते घेतलेच ना? त्या कंपनीचा एक थेंब तेल कमी निघत नाही, फक्त ज्याला हवामानाची थोडीतरी फिकीर होती तो मालक गेला आणि ज्याला काडीची नाही तो आला. मतदानाचा हक्क सोडून बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या याला मी कृती म्हणत नाही. २०२१ मध्ये एक्झॉन या तेल कंपनीच्या वार्षिक सभेत इंजिन नंबर वन नावाच्या चिमुकल्या फंडाने जेमतेम ०.०२ टक्के शेअर हातात असताना बाकीच्या गुंतवणूकदारांना पटवून संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. विकून निघून गेले असते तर हे झालं असतं का?

आणि ग्रँटला तुम्ही फारच स्वस्तात काढताय राव. ब्लूमबर्गच्या संस्थेने २०११ मध्ये सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेच्या 'बियाँड कोल' या कोळसाविरोधी मोहिमेला ५ कोटी डॉलर दिले. त्यातून वकील नेमले, एकेका वीजकेंद्राच्या परवान्याची सुनावणी लढवली, वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढे जाऊन कोळशाची वीज ग्राहकाला महाग पडतेय हे कागदोपत्री दाखवलं. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतली निम्म्याहून जास्त कोळसा केंद्रं बंद झाली किंवा बंद करायचं ठरलं. तेवढेच ५ कोटी कुठल्या ग्रीन फंडात ठेवून काय मिळालं असतं? दरवर्षी थोडा परतावा आणि अहवालात एक हिरवा फोटो.

फुटपट्टी

@खोडरबर, गोष्ट अर्धीच सांगितलीत. कोळसा केंद्रं बंद पडण्यात मोठा वाटा स्वस्त झालेल्या गॅसचा होता, आणि त्याच सिएरा क्लबने २००७ ते २०१० या काळात गॅसवाल्या चेसापीक एनर्जीच्या लोकांकडून, मुख्यतः तिच्या सीईओकडून, २.५ कोटी डॉलरहून जास्त घेतले होते, त्याच कोळसाविरोधी मोहिमेसाठी! २०१२ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा त्यांच्याच सभासदांचं डोकं फिरलं होतं. नवीन नेतृत्वाने पैसे घेणं बंद केलं हे खरं, पण ज्याचा पैसा त्याचा अजेंडा हे काही मी हवेत बोलत नाहीये.

माझा प्रश्न तर दोघांनाही आहे. तिजोरी की ग्रँट यावर भांडताय, पण ती तिजोरी भरली कुठून आणि तिची किल्ली कुणाकडे हे कोण विचारणार? फाउंडेशनमध्ये टाकलेल्या पैशावर टॅक्सची सूट मिळते, म्हणजे सरकारी तिजोरीत जे आलं असतं त्यातलं काही आलं नाही. ते आलं असतं तर कुठे खर्च व्हावं यावर निदान निवडून दिलेली माणसं भांडली असती. इथे पाचसात विश्वस्त बंद खोलीत ठरवतात की यंदा हवामान, पुढच्या वर्षी एआय. न्याय्य अर्थव्यवस्थेची सुरुवात टॅक्स भरण्यापासून होते, बाकी सगळं नंतर.

चष्मिष्ट

पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचं उदाहरण कुठे बसवाल मग? २०२२ मध्ये मालक श्वीनार्ड कुटुंबाने अख्खी कंपनीच देऊन टाकली. मतदानाचा हक्क असलेले सगळे शेअर, म्हणजे एकूणातले २ टक्के, एका ट्रस्टला, बाकीचे बिनमताचे ९८ टक्के होल्डफास्ट कलेक्टिव्ह या ना-नफा संस्थेला, धंद्यात परत न घालावा लागणारा नफा पर्यावरणाला. मला तर भारी वाटलं होतं.

फुटपट्टी

बघा ना, अगदी नीट बघा. कंपनीची किंमत साधारण ३०० कोटी डॉलर. विकली असती तर भांडवली नफ्यावर तगडा टॅक्स लागला असता, मुलांना दिली असती तरी लागला असता. अशी दिली म्हणून फक्त ट्रस्टच्या त्या २ टक्क्यांवर गिफ्ट टॅक्स, सुमारे १.७५ कोटी डॉलर. त्यात होल्डफास्ट हा असा प्रकार आहे की तो राजकारणातही पैसा लावू शकतो. आज त्यांचं राजकारण मला आवडतं म्हणून गप्प बसू? उद्या हीच वाट धरून कोणी तेलवाला आला तर? मनाने माणूस चांगला असेल, नियम सगळ्यांना एकच असतो.

याच्या उलट ऑस्ट्रियाची मार्लेन एंगेलहॉर्न. वारसाहक्कात आलेले २.५ कोटी युरो तिने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५० सामान्य लोकांच्या हातात दिले आणि स्वतः बाजूला झाली. २०२४ मध्ये त्यांनी ते ७७ संस्थांना वाटले, निसर्ग, घरं, गरिबी, टॅक्सन्याय, सगळंच आलं त्यात. आणि बाई स्वतः म्हणत राहिली की माझ्यावर टॅक्स लावा.

खोडरबर

५० जणांनी ७७ संस्थांना वाटले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटचिमूट. प्रेमाने केलं असेल, परिणाम काय? आणि सरकारकडे टॅक्स गेला की तो हवामानासाठीच खर्च होतो हा विश्वास कुठून आणता हो? जगभरातली सरकारं आजही जीवाश्म इंधनाला सबसिडी देतायत, टॅक्सच्याच पैशातून. उलट जगातल्या एकूण देणग्यांतला २ टक्क्यांहून कमी पैसा उत्सर्जन कमी करण्याकडे जातो, क्लायमेटवर्क्स नावाची संस्था दरवर्षी हिशोब मांडते. आधीच चमचाभर आहे त्यात आपण माशा शोधत बसलोय.

निळी_शाई

मी ग्रँट घेणाऱ्या बाजूची. घरी बसून शिलाईकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेचं ऑफिस सांभाळते, म्हणून इथल्या थिअरीत जरा मातीचा गोळा टाकते, रागावू नका.

आम्हाला एका फाउंडेशनकडून 'हवामान आणि उपजीविका' या शीर्षकाखाली पैसे मिळाले (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी परत त्यांच्याच दारात जायचंय). काम असं होतं की उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी काम होत नाही, पीसरेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरी, म्हणजे काम बंद तर पैसे बंद, तर गरमीच्या दिवसांत भरपाई मिळावी म्हणून ठेकेदारांशी आणि कामगार खात्याशी बोलणी करायची. तिमाही रिपोर्टच्या एक्सेलमध्ये पहिलाच कॉलम, 'टाळलेले उत्सर्जन, टनांमध्ये'. रिकामा सोडला तर फाइल सबमिटच होत नाही, लाल चौकट येते. शून्य टाकलं तर प्रोग्राम ऑफिसरचा फोन, की ताई शून्य बरं दिसत नाही, आमच्या बोर्डाला काहीतरी दाखवावं लागतं. शेवटी आम्ही काही घरांवर पांढरा रंग मारला, पंखा कमी चालेल म्हणून त्याचे टन काढले, आणि सगळा रिपोर्ट त्या पांढऱ्या रंगाचा झाला. बोलणी चालू होती ती 'इतर उपक्रम' मध्ये गेली. बजेटमध्ये बायकांच्या मीटिंगचा प्रवासखर्च 'ओव्हरहेड' म्हणून छाटला होता, आणि मीटिंगला आल्याशिवाय संघटना कशी होणार हे त्यांना समजावण्यातच एक तिमाही गेली.

तर माझ्या दृष्टीने प्रश्न तिजोरीचाही नाही आणि टॅक्सचाही नाही, पैसा कुठल्या अटीवर येतो हा आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पाच सरकारं आणि १७ देणगीदारांनी मिळून आदिवासी आणि स्थानिक समूहांच्या जमीनहक्कांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर केले. पहिल्या वर्षी वाटलेल्या पैशातला थेट त्यांच्या स्वतःच्या संघटनांपर्यंत किती पोचला? ७ टक्के. बाकीचा मधल्या मोठ्या संस्थांमार्फत. तळं राखील तो पाणी चाखील हे ठीक आहे, पण इथे तळं राखणारे वेगळे आणि चाखणारे वेगळे.

चष्मिष्ट

@निळी_शाई ताई, लाल चौकट वाचून हसू आलं आणि रागही. अमेरिकेतली अब्जाधीश मॅकेंझी स्कॉट देते तसं विनाअट द्यायला बाकीच्यांना काय होतं? २०२० पासून एवढे अब्जावधी वाटले तिने, बऱ्याच संस्थांना तर अर्ज न करताच, कशावर खर्च करा असं काही सांगितलं नाही.

निळी_शाई

तसा फोन आम्हाला अजून आला नाही. पण हो, विनाअट म्हणजे काय तर वकिलाची फी, ऑफिसचं भाडं, आजारी पडलेल्या कार्यकर्तीचा पगार. ज्यावर संघटना उभी असते ते सगळं. आणि दुसरी बाजूही सांगते, अर्ज नाही म्हणजे नाही मिळाले तर का नाही हेही कळत नाही.

मुद्दल_मास्तर

उशिरा येतोय. बँकेत आयुष्य गेलं म्हणून एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं. ग्रँट आणि शेअर यांच्या मधेही बरंच काही आहे.

फाउंडेशन हमी देऊ शकतं. समजा कामगारांनी मिळून चालवलेल्या सहकारी संस्थेला सोलर बसवायला कर्ज हवंय, बँक म्हणते तारण काय? फाउंडेशन म्हणतं बुडलं तर पहिला इतका तोटा आमचा. कर्ज फिटलं तर फाउंडेशनचा पैसा जागेवरून हलतही नाही, आणि तेच पाठबळ पुढच्या कर्जाला वापरता येतं. स्वस्त व्याजाचं कर्जही असंच. फोर्ड फाउंडेशन हे १९६८ पासून करतंय, आणि अमेरिकेत असं कर्ज त्या ५ टक्क्यांच्या हिशोबात धरलं जातं. मग २०१७ मध्ये त्यांनी मुद्दलातलेच १०० कोटी डॉलरपर्यंत १० वर्षांत अशा कामात गुंतवायचं जाहीर केलं, परवडणारी घरं वगैरे. तेव्हा त्यांची गंगाजळी १,२०० कोटी डॉलरची होती, म्हणजे आठ-नऊ टक्के. आडवळण साहेबांना कमीच वाटणार. पण बँकवाल्याला विचाराल तर पहिला तोटा सोसणारा एक जण उभा राहिला की मागे चार जण येतात, ते मी बघितलंय.

आणि विश्वस्तांना कायदा अडवतो ही सबब आता जुनी झाली. इंग्लंडमध्ये अॅश्डेन ट्रस्ट आणि मार्क लिओनार्ड ट्रस्टचे विश्वस्त स्वतःच हायकोर्टात गेले, की पॅरिस कराराशी न जुळणारी गुंतवणूक आम्ही टाळली आणि त्यात परतावा कमी आला तर चालेल का. २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की चालेल, दोन्ही बाजू प्रामाणिकपणे तोलून ठरवलं असेल तर विश्वस्तांना तो अधिकार आहे.

आडवळण

मास्तर, हा निकाल मूळ पोस्टमध्येच टाकायला हवा होता, धन्यवाद.

@खोडरबर, एक्झॉनचं उदाहरण घासून गुळगुळीत झालंय. त्यात मतं टाकली मोठमोठ्या पेन्शन फंडांनी, फाउंडेशन्स त्यात कितीशी होती? आत राहून बदलतो म्हणणाऱ्याने निदान कुठल्या ठरावावर काय मत दिलं ते अहवालात छापावं, मग मी मानेन. ते न छापता आत राहणं म्हणजे नुसताच डिव्हिडंड खाणं. आणि कार्बन साचत जातो, आज न टाळलेला टन २०५० मध्ये व्याजासकट टाळता येत नाही, मग मुद्दल अजरामर ठेवण्याचा एवढा हट्ट कशाला? अमेरिकेतल्या चक फीनी या अब्जाधीशाने आपल्या अॅटलांटिक फिलान्थ्रॉपीज या फाउंडेशनचे ८०० कोटी डॉलर वाटून संपवले आणि २०२० मध्ये दुकान बंद केलं.

खोडरबर

मत छापा, मान्य. बाकी अमान्य. सगळे २०३० पर्यंत वाटून मोकळे झाले तर २०३१ मध्ये निळी_शाई ताईंच्या ऑफिसचं भाडं कोण भरणार? संघटना बांधायला पिढी लागते. आणि पेन्शन फंडाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून, तेल कंपन्यांचे शेअर फक्त श्रीमंतांकडे नसतात, शिक्षक आणि नर्सेसच्या पेन्शनमध्येही असतात. त्यांनाही विकाच म्हणणार का?

फुटपट्टी

त्यांच्या फंडावर निदान काही ठिकाणी त्यांचे निवडलेले प्रतिनिधी बसतात. फाउंडेशनच्या बोर्डावर ग्रँट घेणारा एकतरी बसलेला दाखवा, मग ती तुलना करू.

निळी_शाई

आमच्या फाउंडेशनला मी हेच विचारलं होतं. म्हणाले, सल्लागार समितीवर या. मी विचारलं, मत असतं का? म्हणाले, चहापान असतं. पुढची मीटिंग मंगळवारी आहे, जातेय, गुंतवणुकीची यादी मागणार आहे. मिळाली तर इथे टाकते.